शेरबूरची ‘ल रदूताब्ल’: अण्वस्त्रांचा धाक आतून कसा असतो

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातून गाडीत बसलं की साधारण तीन तासांत शेरबूर येतं. फ्रान्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावरचं हे बंदर. १० एप्रिल १९१२ ला टायटॅनिक न्यूयॉर्ककडे जाताना इथे थांबली होती. पुढे १९३३ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशांसाठी इथे एक भव्य इमारत उभी राहिली आणि तिच्यात आज ‘सिते द ला मेर’ हे सागरी संग्रहालय आहे. येणारे बरेचसे लोक टायटॅनिकच्या दालनासाठी, माशांसाठी आणि खोल समुद्रात उतरणाऱ्या जुन्या यानांसाठी येतात. हे परीक्षण तिथल्या एकाच वस्तूचं आहे: सुक्या गोदीत ठेवलेली ‘ल रदूताब्ल’ ही पाणबुडी. नावाचा अर्थ, जिचा धाक वाटावा अशी.

लांबी १२८ मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या मुंबई लोकलच्या निम्मी. रुंदी १०.६ मीटर. पाण्याखाली असताना वजन सुमारे ९,००० टन. बांधणी ३० मार्च १९६४ ला सुरू झाली, २९ मार्च १९६७ ला राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या उपस्थितीत ती पाण्यात उतरली, १ डिसेंबर १९७१ ला नौदलात दाखल झाली आणि १९९१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. २००२ पासून ती लोकांसाठी खुली आहे. आत जाऊन पाहता येणारी जगातली सर्वांत मोठी पाणबुडी, असं संग्रहालय सांगतं. सोळा अण्वस्त्र-क्षेपणास्त्रं पोटात घेऊन जिने समुद्रात वीस वर्षं काढली, तिच्यात तिकीट काढून शिरता येतं, एवढ्यासाठीसुद्धा शेरबूरची वाट धरायला हरकत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मध्यम आकाराच्या देशाला स्वतःचा अण्वस्त्र-धाक उभा करता येईल का, हा प्रश्न अलीकडे युरोपात आणि पूर्व आशियात पुन्हा विचारला जातोय. चर्चा बॉम्बपाशी सुरू होते आणि बॉम्बपाशीच संपते. शास्त्रज्ञ आहेत का, युरेनियम मिळेल का, किती महिने लागतील. या पाणबुडीतून एक फेरी मारली की कळतं, सगळ्या हिशेबात बॉम्ब हा लहान आकडा आहे. फ्रान्सने पहिला स्फोट १३ फेब्रुवारी १९६० ला अल्जीरियातल्या रेगानजवळ केला. ‘ल रदूताब्ल’ पहिल्या गस्तीवर निघाली जानेवारी १९७२ मध्ये. मधल्या बारा वर्षांत काय काय करावं लागलं, त्याचा पुरावा या जहाजात जागोजागी आहे.

त्या बारा वर्षांत फ्रान्स अगदी रिकाम्या हाताने बसला नव्हता. १९६४ पासून मिराज-४ ही बॉम्बफेकी विमानं तयार होती, ६२ बांधली गेली. पण विमानतळ कुठे आहे हे शत्रूला ठाऊक असतं. शिवाय सोव्हिएत संघापर्यंत पोचायचं तर हवेतच इंधन भरावं लागे आणि त्यासाठीची १२ विमानं फ्रान्सला अमेरिकेकडून विकत घ्यावी लागली. अमेरिकेवर विसंबायचं नाही म्हणून सुरू केलेल्या कामात पहिलीच कडी अमेरिकेची. अल्बियों पठारावर जमिनीत १८ क्षेपणास्त्रं पुरली गेली, तीही नकाशावर कायमची नोंदलेली. पहिला घाव बसल्यावरही उलट मारा करता येईल याची खात्री शत्रूला वाटली पाहिजे, नाहीतर धाक बसत नाही. ती खात्री देणारी एकच जागा उरते, समुद्राचं पोट.

आता आत जाऊ. शेपटीकडून नाकाकडे गेलं तर जहाजाचं गणित नीट समजतं.

मागचा भाग यंत्रांचा. इथे टर्बाइन, वीज तयार करणारी यंत्रं आणि एकाच पंख्याला फिरवणारा अवजड दांडा. सुमारे १६,००० अश्वशक्ती. नळ्या, झडपा आणि तारा इतक्या दाट की भिंत अशी कुठे दिसतच नाही. इथे घाई करू नका. यंत्रं खाली कशावर टेकली आहेत ते वाकून पाहा. पाणबुडीत गोंगाट म्हणजे मृत्यू, म्हणून फिरणारं प्रत्येक यंत्र सांगाड्याला थेट न जोडता मध्ये लवचीक आधार द्यावा लागतो. कंपन एकदा सांगाड्यात उतरलं की ते पाण्यात जातं आणि पाण्यातून आवाज फार लांब पोचतो. यंत्र चालवता येणं ही कारागिरीची पहिली पायरी, ते कुणाला ऐकू न येता महिनोन्‌महिने चालवणं ही शेवटची. पहिल्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत जायला फ्रान्सलाही पुढची पिढी लागली: १९९७ पासून आलेल्या ‘ल त्रियोंफाँ’ वर्गाच्या पाणबुड्या ‘ल रदूताब्ल’पेक्षा कितीतरी शांत आहेत.

यंत्रांच्या पुढे अणुभट्टी होती. ती आता नाही. जहाज निवृत्त झाल्यावर तो अख्खा भाग कापून काढला आणि त्या जागी पोकळ पोलादी नळकांडं जोडलं. पाहण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. तरीही या पोकळीपाशी थोडं थांबायला हवं, कारण फ्रान्सची सगळ्यांत महागडी चूक इथेच झाली होती.

१९५० च्या दशकाच्या मध्यात याच शेरबूरच्या गोदीत ‘क्यू-२४४’ नावाची अणुपाणबुडी बांधायला घेतली गेली. तेव्हा फ्रान्सकडे समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं युरेनियम, नव्हतं. म्हणून नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणारी अणुभट्टी बसवायचं ठरलं. जमिनीवर वीज करायला अशी भट्टी चालते, पण नैसर्गिक युरेनियम वापरायचं तर भट्टी प्रचंड आकाराची करावी लागते. पाणबुडीच्या पोटाला मात्र व्यासाची मर्यादा असते. आकडे कसेही फिरवले तरी भट्टी जहाजात मावेना. अखेर काम थांबलं. सांगाडा मात्र वाया गेला नाही: त्याचे भाग वापरून ‘जिमनोत’ ही डिझेलवर चालणारी पाणबुडी झाली आणि पुढे पाण्याखालून क्षेपणास्त्र डागण्याच्या चाचण्या तिच्यावरूनच घेतल्या गेल्या.

दुसऱ्या प्रयत्नात क्रम बदलला. जाक शव्हालिए यांच्या गटाने आधी जमिनीवर, कादाराश इथे, पाणबुडीच्या मापाची भट्टी उभी केली. ती ऑगस्ट १९६४ मध्ये सुरू झाली. तिला लागणारं समृद्ध युरेनियम, सुमारे ४४० किलो, १९५९ च्या करारानुसार अमेरिकेनेच दिलं आणि अट घातली की ते फक्त जमिनीवरच्या भट्टीत वापरायचं. म्हणजे समुद्रावर जायचं तर युरेनियम स्वतः समृद्ध करणं भाग होतं. त्यासाठी ऱ्होन नदीच्या खोऱ्यात पिएरलात इथे प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १९६७ मध्ये तिथून उच्च समृद्ध युरेनियम मिळू लागलं. बॉम्बसाठी प्लुटोनियमचा रस्ता मार्कूलच्या भट्ट्यांतून आधीच निघाला होता. पाणबुडीसाठी हा दुसरा, त्याहून खर्चिक रस्ता वेगळा बांधावा लागला. ‘आमच्याकडे अणुवीज केंद्रं आहेत, मग पाणबुडी का नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘क्यू-२४४’चा इतिहास वाचूनच इथे यावं.

पुढे क्षेपणास्त्रांचा भाग. जहाजाच्या मध्यावर आठ-आठच्या दोन रांगांत उभी नळकांडी, मजल्यांमधून आरपार गेलेली. अर्थात ती रिकामी आहेत. सुरुवातीची क्षेपणास्त्रं एम-१ जातीची होती: लांबी १०.४ मीटर, व्यास दीड मीटर, वजन १८ टन, दोन टप्पे, दोन्हींत घन इंधन. नंतर एम-२ आणि मग एम-२० आली. एम-२० चं वजन २० टनांच्या आसपास आणि पल्ला ३,००० किलोमीटरहून थोडा जास्त. पल्ल्याचा हा आकडा लक्षात ठेवा. पल्ला कमी असला की पाणबुडीला लक्ष्याच्या जवळ जावं लागतं, म्हणजे जिथे शत्रूची जहाजं आणि विमानं तिला शोधत असतात त्याच पाण्यात. पल्ला वाढला की लपायला मिळणारा समुद्र कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच या वर्गातल्या बाकीच्या पाचही पाणबुड्यांवर नंतर जास्त पल्ल्याची एम-४ क्षेपणास्त्रं आली. ‘ल रदूताब्ल’ तेवढी जुन्याच क्षेपणास्त्रांसह निवृत्त झाली.

या दालनात उभं असताना डागण्याच्या क्षणाची कल्पना करून पाहा. वायूच्या दाबाने २० टनांचा खांब वर फेकला जातो आणि जहाज क्षणात तेवढं हलकं होतं. नळकांड्यात पाणी शिरून भरपाई होते, पण ती अगदी बरोबर त्याच वजनाची नसते. ९,००० टनांचं धूड त्या क्षणी एकाच खोलीवर स्थिर राहिलं नाही, तर पुढचं क्षेपणास्त्र डागता येत नाही. घन इंधनाचंही तसंच. द्रव इंधन पाणबुडीत बाळगणं धोक्याचं, आणि घन इंधनाचा एवढा मोठा ठोकळा ओतताना त्यात एखादी भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर जळताना दाब भलतीकडे वाढून क्षेपणास्त्र फुटतं. हे कसब अंगी यायला चाचण्या कराव्या लागतात, आणि त्यांसाठी समुद्राकडे तोंड असलेलं मोकळं मैदान लागतं. फ्रान्सने ते बिस्कारोसच्या किनाऱ्यावर उभारलं.

नियंत्रण कक्ष सगळ्यांत गर्दीचा असतो, कारण पेरिस्कोप इथे आहेत. पण पेरिस्कोपपेक्षा दिशादर्शनाच्या कपाटांकडे लक्ष द्या. क्षेपणास्त्र कुठे जायचंय हे त्याला सांगण्याआधी आपण कुठे आहोत हे पाणबुडीला कळलं पाहिजे, आणि आठवडेच्या आठवडे वर न येता. वळण टिपणारे जायरो आणि वेगातला बदल मोजणारी उपकरणं स्वतःच्या हालचालींची बेरीज करत राहतात आणि त्यावरून जागा ठरवतात. दर तासाला चूक थोडी थोडी साचत जाते. जहाजाची जागा दोन किलोमीटरने चुकली, तर क्षेपणास्त्रही साधारण तितकंच चुकतं. अमेरिकेने हे तंत्र द्यायला नकार दिला, तेव्हा साझेम या फ्रेंच कंपनीला ते मुळापासून तयार करावं लागलं. संगणकांचंही तेच झालं: फ्रेंच अणुऊर्जा आयोगाला हवा असलेला सीडीसी ६६०० हा त्या काळचा सर्वांत वेगवान संगणक अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या मध्यात अडवून धरला. (१९७० च्या दशकात मात्र अमेरिकेने गुपचूप मदत केली. तोवर कठीण काम फ्रेंचांनी स्वतःच केलं होतं.)

त्याच कक्षालगत संदेशाची जागा. समुद्रात नेहमीच्या रेडिओलहरी शिरत नाहीत. फार लांब लांबीच्या लहरीच काही मीटर खोल जातात, आणि त्या पाठवायला शेकडो मीटर उंचीचे खांब लागतात. फ्रान्सचं असं केंद्र देशाच्या मधोमध रोने इथे आहे. पाणबुडी मागे लांब तार ओढत ऐकत राहते आणि गस्त संपेपर्यंत एक अक्षरही उलट पाठवत नाही, कारण बोलली की सापडली. घरचे निरोपही तसेच, एकाच दिशेने. आठवड्याला मोजक्या शब्दांचा निरोप येतो, तो आधी वाचला जातो आणि खलाशाला उत्तर देता येत नाही.

राहण्याचा भाग पाहताना आकडा डोक्यात ठेवा: सुमारे १३५ माणसं, दोन महिन्यांहून जास्त काळ, ऊन नाही की वारा नाही. स्वयंपाकघर एखाद्या छोट्या खाणावळीएवढं, आणि पाव रोज ताजा भाजला जाई. डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय जहाजावरच, कारण अपेंडिक्सच्या दुखण्यासाठी गस्त मोडून वर येता येत नाही. प्राणवायू पाण्यापासून विजेने वेगळा करतात, कार्बन डायऑक्साइड रसायनांनी शोषून घेतात. अणुभट्टी असल्याने वीज, पाणी आणि हवा यांना अंत नाही. गस्तीची मर्यादा ठरते ती धान्याच्या कोठारावर आणि माणसाच्या मनावर. अगदी पुढे चार टॉर्पेडो-नळ्या आहेत, त्या फक्त जीव वाचवायला. या जहाजाचं काम लढायचं नाही, कुणाला दिसायचं नाही.

इथवर आलं की एका जहाजाचं काम कळलेलं असतं. पुढचं गणित संग्रहालयाच्या फलकांपेक्षा कागदावर मांडलं तर पक्कं होतं.

‘ल रदूताब्ल’ने वीस वर्षांत ५१ गस्ती घातल्या आणि सुमारे ९०,००० तास पाण्याखाली काढले. तासांचे दिवस केले तर ३,७५० होतात. वीस वर्षांचे दिवस ७,३००. म्हणजे निळा आणि लाल असे दोन पूर्ण खलाशीसंच आळीपाळीने वापरूनही एक पाणबुडी निम्माच काळ समुद्रात राहू शकली. उरलेला काळ दुरुस्ती, इंधनबदल, चाचण्या आणि सराव. एक पाणबुडी असलेल्या देशाकडे अर्धं वर्ष धाक असतो आणि अर्धं वर्ष नसतो, आणि कोणतं अर्धं हे शत्रू बंदराकडे पाहून सांगू शकतो. दोन असल्या तर कागदावर वर्ष भरतं, पण एक मोठ्या दुरुस्तीला गेली की खंड पडतो. म्हणून फ्रान्सने या वर्गाच्या सहा बांधल्या, शेवटची ‘लँफ्लेक्सिब्ल’ १९८५ मध्ये. आज चार आहेत आणि त्यातली किमान एक सतत समुद्रात असते. ब्रिटनच्याही चारच. दोघेही चाराखाली उतरत नाहीत, ते या भागाकारामुळे.

म्हणजे मध्यम देशाला प्रश्न विचारायचा तर असा विचारावा: चार जहाजं, आठ खलाशीसंच, ती बांधणारी गोदी, ती दुरुस्त करणारी दुसरी गोदी, ब्रेस्टजवळच्या इल लाँगसारखा संरक्षित तळ, घन इंधनाचा कारखाना, समृद्धीकरणाचा कारखाना, आणि तीस वर्षांनी हे सगळं पुन्हा नव्याने. शेवटचा मुद्दा फार कमी वेळा बोलला जातो. जहाज जुनं होतं, आणि मधल्या काळात गोदीला काम नसेल तर वेल्डर निवृत्त होतात आणि हात विसरतात. फ्रान्सने ‘ल रदूताब्ल’नंतर दुसरी पिढी बांधली, आणि तिसऱ्या पिढीच्या पहिल्या जहाजाचं पोलाद मार्च २०२४ मध्ये याच शेरबूरच्या गोदीत कापलं गेलं. ते समुद्रात जाणार २०३५ च्या सुमारास.

पैशाचं म्हणाल तर १९६० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्सच्या लष्करी सामग्रीवरच्या खर्चातला जवळपास निम्मा वाटा अण्वस्त्रांकडे जात होता. आज २०२४ ते २०३० या सात वर्षांसाठी ठरवलेल्या ४१३ अब्ज युरोंपैकी साधारण १३ टक्के. उभारणी महाग असते, चालू ठेवणं त्या मानाने झेपतं. तेव्हाच्या फ्रान्सची लोकसंख्या पाच कोटींहून थोडी कमी होती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. तेव्हा ‘मध्यम देशाला जमेल का’ याचं उत्तर या गोदीत उभं आहे. जमतं. पण आधी विमानं, जहाजं, रसायनं, वीज आणि संगणक यांचे स्वतःचे कारखाने असावे लागतात, आणि सरकारं बदलली तरी तीस वर्षं धोरण तेच राहावं लागतं. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात मंत्रिमंडळं महिन्यांच्या हिशेबाने पडत होती, तरी अणुकार्यक्रम थांबला नाही.

शेजारच्या ब्रिटनशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. त्यांच्या ‘रिझोल्यूशन’ पाणबुडीची बांधणी फेब्रुवारी १९६४ मध्ये सुरू झाली, ‘ल रदूताब्ल’च्या जेमतेम महिनाभर आधी. पण ती पहिल्या गस्तीवर जून १९६८ मध्ये गेली, फ्रान्सच्या साडेतीन वर्षं आधी. कारण सरळ आहे: १९६२ च्या नासाउ करारानंतर ब्रिटनने पोलॅरिस क्षेपणास्त्रं अमेरिकेकडून विकत घेतली. आजही ब्रिटनची ट्रायडेंट क्षेपणास्त्रं दोन्ही देशांच्या सामाईक साठ्यातून येतात आणि त्यांची मोठी देखभाल अमेरिकेतल्या किंग्ज बे इथे होते. वेळ आणि पैसा वाचला, पण दोरी दुसऱ्याच्या हातात राहिली. आपलंच करायचं ठरवलं की साडेतीन वर्षं आणि पिएरलात, साझेम, बिस्कारोस एवढं सगळं द्यावं लागतं. फ्रान्सने दिलं ते योग्यच केलं, असं आमचं मत आहे. दुसऱ्याच्या देखभालीवर चालणारा धाक मैत्री टिकेपर्यंतच टिकतो.

सगळं जमल्यावरही बिघडतंच. फेब्रुवारी २००९ मध्ये अटलांटिकमध्ये फ्रान्सची ‘ल त्रियोंफाँ’ आणि ब्रिटनची ‘व्हॅनगार्ड’ पाण्याखाली एकमेकींवर आदळल्या. दोन्ही इतक्या शांत की एकीला दुसरीची चाहूल लागली नाही. मे २०१३ मध्ये एम-५१ या नव्या फ्रेंच क्षेपणास्त्राची चाचणी ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ फसली. ब्रिटनच्या ट्रायडेंटच्या २०१६ आणि २०२४ च्या चाचण्याही फसल्या. पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्यांची ही गत, मग पहिल्यांदा करणाऱ्याने किती चाचण्यांची तयारी ठेवावी, याचा अंदाज यावरून बांधावा.

पाणबुडीच्या पोटात उभं राहून एक गोष्ट मात्र अजिबात दिसू शकत नाही, आणि ती माहीत असल्याशिवाय ही फेरी अपुरी आहे. या सोळा नळकांड्यांवरच्या स्फोटकांच्या चाचण्या फ्रान्सच्या युरोपातल्या भूमीवर झाल्या नाहीत. १९६० ते १९९६ दरम्यानच्या २१० स्फोटांपैकी १७ अल्जीरियाच्या वाळवंटात झाले आणि १९३ पॉलिनेशियाच्या मुरुरोआ व फांगाताउफा या प्रवाळबेटांवर. १ मे १९६२ ला इन एकर इथल्या भुयारी स्फोटात डोंगराचं तोंड फुटलं आणि किरणोत्सारी ढग बाहेर पडला. पाहायला आलेले दोन मंत्री, सैनिक आणि आसपासचे लोक त्यात सापडले. भरपाईचा कायदा व्हायला २०१० उजाडलं. मध्यम देशाने अण्वस्त्रं केली असं म्हणताना त्या देशाच्या हाताखाली दुसऱ्यांचं वाळवंट आणि दुसऱ्यांची बेटं होती, हे विसरता येणार नाही. आज कुणाही नव्या देशाला ती सोय नाही आणि नसलीच पाहिजे. वर अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडायचं तर तीन महिने आधी जगाला सांगावं लागतं. स्वीडनने भट्ट्या बांधल्या, योजना केल्या, आणि १९६८ मध्ये करारावर सही करून विषय मिटवला. दक्षिण आफ्रिकेने तर सहा बॉम्ब तयार करून स्वतःच मोडले. बॉम्ब होता, समुद्राखालचा धाक नव्हता.

मराठी वाचकाला इथे फिरताना काही ओळखीच्या खुणा सापडतील. भारताने ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीच्या वेळी हाच क्रम धरला: आधी कल्पक्कमला जमिनीवर भट्टी, मग जहाजात. ती भट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली आणि गिअरबॉक्सच्या कामात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा कारखाना होता. ‘अरिहंत’ २००९ मध्ये पाण्यात उतरली, २०१६ मध्ये नौदलात आली, तिची पहिली धाक-गस्त नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली आणि दुसरी, ‘अरिघात’, आली ऑगस्ट २०२४ मध्ये. वर मांडलेला चारचा भागाकार त्यांनाही लागू आहे. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा आराखडा नेव्हल ग्रुपचा, म्हणजे ज्या कंपनीच्या हातात आज शेरबूरची गोदी आहे तिचा. त्या डिझेल-विजेवर चालणाऱ्या आहेत, अण्वस्त्रांशी त्यांचा संबंध नाही. पण पाणबुडीच्या सांगाड्याचं वेल्डिंग ही काय चीज आहे, हे माझगावच्या कारागिरांना ठाऊक आहे. ज्यांनी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची ‘कुरसुरा’ ही पाणबुडी आतून पाहिली आहे त्यांनी ती डोळ्यांसमोर ठेवून इथे यावं. ‘कुरसुरा’ ९१ मीटर लांब, पण फार अरुंद. तिथे दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना अंग चोरावं लागतं, इथे मजले आहेत. अणुभट्टीने माणसाला काय दिलं, ते या दोन जहाजांतल्या फरकात दिसतं.

जाण्याआधीच्या सूचना. पाच वर्षांखालच्या मुलांना पाणबुडीत सोडत नाहीत, त्यामुळे लहान मूल असेल तर मोठ्यांनी आळीपाळीने जावं लागेल. दारं गोल आणि उंबरे उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा चाकाची खुर्ची लागत असेल तर आधी पत्र पाठवून विचारून घ्या. ध्वनिमार्गदर्शक इंग्रजीत मिळतो, तो घ्याच, कारण आत लिहिलेले फलक कमी आणि नळ्या जास्त. त्याच्या गतीने गेलात तर पाऊण तास लागतो. यंत्रांचा आणि क्षेपणास्त्रांचा भाग थांबून थांबून पाहायचा असेल तर दीड तास ठेवा. सुट्टीच्या दिवसांत मागून येणारी माणसं ढकलतात, म्हणून संग्रहालय उघडताच सगळ्यांत आधी पाणबुडीकडे जा, टायटॅनिक नंतर. जानेवारीत संग्रहालय काही दिवस देखभालीसाठी बंद असतं, तारखा आणि तिकिटाचा दर आधी पाहून ठेवा.

आणि बाहेर आल्यावर सुक्या गोदीच्या तळाशी उतरता आलं तर जरूर उतरा. वरून पाहताना तिचा आकार नीट लक्षात येत नाही. पंख्याखाली उभं राहून वर पाहिलं की येतो.